झावळ्यांच्या शेडमधून विमान कंपनी उभी करताना जेआरडींनी सगळी जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतली होती

सूर्यमाळला कधी गेलाय?

मोखाडा तालुक्यातलं डोंगरावरचं गाव. खोडाळ्याहून वर चढत गेलं की हवा बदलते. पावसाळ्यात धुकं एवढं दाट की समोरचा माणूस दिसत नाही. वारा असा की छपरावरचे पत्रे उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवावे लागतात.

आता एक कल्पना करा. याच माळावर कुणीतरी बांबू आणि पत्रे उभे करून एक मोठी शेड बांधली. ती शेड विमान ठेवायला भाड्याने दिली. एका रात्री वादळ आलं, छप्पर विमानावर कोसळलं, एक पत्रा उडून शेजारच्या घरावर पडला आणि आत झोपलेला वॉचमन जखमी झाला.

नुकसान कोण भरणार? शेडवाला? विमानवाला? जमिनीचा मालक? की विमा कंपनी?

विषय काल्पनिक वाटेल. पण विमान आणि जव्हार-मोखाड्याचा काहीच संबंध नाही असंही नाही. जव्हार संस्थानचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात होते.

आणि इथून मुंबईच्या दिशेने उतरत गेलं की जुहूला खरंच अशी एक शेड होती. ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली. भारतातली पहिली मोठी विमान कंपनी त्याच शेडमधून सुरू झाली.

ती सुरू करणारा माणूस म्हणजे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. सगळ्यांचे जेआरडी.

जेआरडींबद्दल आपण खूप ऐकलेलं असतं. पहिला पायलट, एअर इंडिया, भारतरत्न. पण त्यांचं आयुष्य एका वेगळ्या बाजूने बघितलं तर त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. धोका झाला तर जबाबदारी कुणाची?

ही गोष्ट त्याच प्रश्नाची.

समुद्रकिनाऱ्यावर विमान बघणारा पोरगा

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभॉय टाटा हे जमशेदजींच्या नात्यातले आणि त्यांच्या उद्योगातले भागीदार. आई सुझान ब्रिएर फ्रेंच.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो नावाचं गाव आहे. टाटा कुटुंब सुट्टीला तिथे जायचं. इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओचं घरही तिथेच होतं. किनाऱ्याच्या वाळूवर विमानं उतरायची आणि छोटा जहांगीर ती बघत उभा असायचा. पंधराव्या वर्षी त्याला एका विमानात फेरी मारायला मिळाली आणि विषय संपला. पोराने ठरवून टाकलं, आपण विमान चालवायचं.

त्या काळात विमान म्हणजे लाकूड, कापड आणि नशीब. लंडनच्या लॉइड्सच्या बाजारात विमानाचा विमा द्यायला १९११ च्या सुमारास सुरुवात झाली खरी, पण अपघात इतके व्हायचे की विमावाल्यांनी लवकरच हात आखडता घेतला. जहाजाचा, आगीचा, माणसाच्या आयुष्याचा हिशोब मांडता यायचा. विमान कधी पडेल याचा हिशोब कुणाकडेच नव्हता.

तरुणपणी जेआरडींनी फ्रेंच सैन्यात एक वर्षाची सक्तीची नोकरी केली. १९२५ च्या अखेरीस ते मुंबईत टाटांकडे बिनपगारी उमेदवार म्हणून लागले. पुढच्याच वर्षी वडील गेले आणि बाविसाव्या वर्षी घराची जबाबदारी अंगावर आली.

पण विमान काही डोक्यातून गेलं नाही.

१० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना पायलटचं लायसन्स मिळालं. एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माने दिलेल्या या लायसन्सवर नंबर होता १. भारतात दिलं गेलेलं हे पहिलं लायसन्स.

जिंकता आलं असतं, पण स्पार्क प्लग देऊन टाकला

आगा खान यांनी बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड आणि भारत यांच्यातलं अंतर जो भारतीय एकट्याने विमान चालवत पार करेल त्याला ५०० पौंड.

जेआरडी कराचीहून लंडनकडे निघाले. त्याच वेळी अस्पी इंजिनिअर नावाचा कोवळा पोरगा लंडनहून कराचीकडे येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरच्या धावपट्टीवर दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचा जादा प्लग त्याला दिला आणि दोघं आपापल्या वाटेने उडाले.

बक्षीस अस्पीने जिंकलं. जेआरडी काही तासांनी मागे पडले.

हाच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

दोन लाख रुपये आणि विम्याचा जाणकार म्हातारा

नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला पायलट. १९२९ मध्ये तो भारतात आला आणि लोकांना विमानात फेऱ्या मारून आणायचा धंदा करू लागला. त्याच्या डोक्यात एक योजना होती. लंडनहून टपाल विमानाने कराचीपर्यंत येत होतं, पण तिथून पुढे मुंबई-मद्रासला जायला ट्रेनच. हा पुढचा टप्पा आपण विमानाने का करू नये?

व्हिन्सेंट जेआरडींकडे आला. जेआरडींना तर हेच हवं होतं. पण पैसा सर दोराबजी टाटांच्या हातात होता आणि दोराबजी तेव्हा थकलेले, आजारी होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दोराबजी म्हणजे काही नवखे नव्हते. १९१९ मध्ये मुंबईत न्यू इंडिया अश्युरन्स ही विमा कंपनी त्यांनीच काढली होती. धोका म्हणजे काय, तो पैशात कसा मोजायचा आणि कुठे हात घालायचा नाही, हे त्यांना नीट कळत होतं.

तरी जॉन पीटरसन या टाटांच्या अधिकाऱ्याने त्यांचं मन वळवलं आणि दोराबजींनी होकार दिला. भांडवल ठरलं २ लाख रुपये.

पुढे सरकारदरबारी खेटे सुरू झाले. जेआरडींना सरकारकडून अनुदान हवं होतं. सरकारकडे पैसे नव्हते किंवा द्यायचे नव्हते. तीन वर्षं गेली. शेवटी टाटांनी अनुदानाचा हट्ट सोडला आणि एप्रिल १९३२ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. जेवढं टपाल न्याल तेवढ्या वजनाचे पैसे. बाकी नफा तुमचा, तोटाही तुमचा.

म्हणजे सोप्या भाषेत, इंजिन बंद पडलं, विमान चिखलात रुतलं, महिनाभर टपालच आलं नाही, तरी सरकार एक रुपया देणार नव्हतं. सगळी जोखीम टाटांच्या डोक्यावर.

जून १९३२ मध्ये दोराबजी गेले. ज्या विमानाला त्यांनी होकार दिला होता ते उडालेलं त्यांनी पाहिलं नाही.

जुहूची शेड

टाटांच्या विमान कंपनीकडे होतं काय? दोन पस मॉथ विमानं, तीन पायलट, तीन मेकॅनिक. आणि जुहूच्या मैदानावर झावळ्यांच्या छपराची ती शेड.

मैदान म्हणजे समुद्राला लागून असलेली चिखलाची सपाट जमीन. १५ सप्टेंबर १९३२ ला पहिलं विमान उडणार होतं, पण पावसाने जुहूचं तळं केलं आणि मुहूर्त महिनाभर पुढे गेला.

१५ ऑक्टोबर १९३२. पहाटे कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून जेआरडी एकटेच निघाले. विमानात रेडिओ नव्हता. सोबत होती ती टपालाची थैली. वाटेत अहमदाबादला थांबून पेट्रोल भरलं. ते पेट्रोल डब्यांमधून बैलगाडीने मैदानावर आलं होतं. दुपारी विमान जुहूला उतरलं. तिथून पुढची थैली घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेला.

पहिल्या वर्षाचा नफा झाला ६० हजार रुपये. टपाल वेळेवर पोचवण्याचं प्रमाण शंभर टक्के.

पण जुहूचा पाऊस काही टाटांचं ऐकणारा नव्हता. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली जायचं. मग विमानं, माणसं, हत्यारं, सगळा बाडबिस्तरा उचलून पुण्याला न्यावा लागायचा. तिथे येरवडा जेलजवळच्या मैदानावरून पावसाळाभर विमानं उडायची. जो पाऊस सूर्यमाळच्या शेडवर दगड ठेवायला लावतो, त्याच पावसाने एका विमान कंपनीला दरवर्षी घर बदलायला लावलं.

आज तीच शेड भाड्याने घ्यायची झाली तर?

आता आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. विमान ठेवायच्या शेडला हँगर म्हणतात. आज भारतात कुणी हँगर भाड्याने घेतला तर कायदा काय म्हणतो?

पहिला कायदा १८८२ चा, मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम १०८ मध्ये भाडेकरू आणि मालक यांच्या जबाबदाऱ्या दिल्या आहेत. वापराने होणारी झीज आणि टाळता न येणारी आपत्ती सोडली, तर जागा घेतली तशी परत करायची जबाबदारी भाडेकरूची. आग, वादळ किंवा पुराने जागेचा मोठा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेकरू करार मोडू शकतो. पण ती आग त्याच्याच चुकीने लागली असेल तर नाही. करारात वेगळं काही ठरलं असेल तर आधी तो करार बघितला जातो.

दुसरा कायदा १८७२ चा, करार कायदा. समजा तुम्ही हँगर चालवता आणि दुसऱ्याचं विमान सांभाळायला ठेवून घेता. मग कलम १५१ लागतं. शहाणा माणूस स्वतःची वस्तू जेवढी जपेल तेवढी काळजी दुसऱ्याच्या वस्तूची घ्यायला हवी. तेवढी घेतली असेल आणि तरी नुकसान झालं, तर कलम १५२ प्रमाणे एरवी तुमच्यावर भरपाई येत नाही. पण काळजी घेतली होती हे दाखवायला कागद लागतात. अग्निशमनाची सोय, पहारा, दुरुस्तीची नोंद, सगळं.

म्हणून हँगरचा मालक भाडेकरूकडे विम्याचे कागद मागतो. एका पॉलिसीत सगळं येत नाही, इथेच लोक फसतात.

विमानाच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा, त्याला हल विमा म्हणतात. विमानाने बाहेरच्या कुणाचं नुकसान केलं तर त्यासाठी थर्ड पार्टी विमा. हँगरच्या आवारात कुणी घसरून पडला, पत्रा उडून कुणाला लागला, तर जागेच्या दायित्वाचा विमा. आणि सांभाळायला घेतलेल्या दुसऱ्याच्या विमानाचं नुकसान झालं तर हँगरचालकाचा दायित्व विमा. या शेवटच्या पॉलिसीत तुमचं स्वतःचं विमान धरलेलं नसतं.

कामगाराला इजा झाली तर भरपाईचा कायदा वेगळाच लागतो.

यात भर म्हणून हँगरमालक दोन अटी घालतात. एक, तुमच्या पॉलिसीत आमचंही नाव विमाधारक म्हणून घाला. दोन, भरपाई दिल्यावर विमा कंपनीने ती वसूल करायला आमच्यामागे लागायचं नाही. सही करण्याआधी या दोन ओळी आपल्या विमा कंपनीला दाखवून घ्याव्या लागतात. कंपनीला न विचारता तिचा वसुलीचा हक्क सोडून दिला, तर भरपाईच्या वेळी वाद होतो.

सूर्यमाळच्या काल्पनिक वादळात म्हणूनच तीन वेगळे हिशोब होतील. विमानाचा एक, शेजाऱ्याच्या घराचा दुसरा, वॉचमनचा तिसरा.

धोका नेहमी आकाशातच नसतो

१९३८ मध्ये चौतीसाव्या वर्षी जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. १९४२ मध्ये इंग्लंडहून परतताना व्हिन्सेंटचं विमान बेपत्ता झालं. ज्याच्या योजनेतून सगळं सुरू झालं तो मित्रच गेला.

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून लंडनला गेलं आणि भारताची कंपनी जगाच्या नकाशावर आली.

तेच मलबार प्रिन्सेस ३ नोव्हेंबर १९५० ला आल्प्समधल्या माँ ब्लांवर आदळलं. विमानातले ४८ जण गेले.

पुढे ११ एप्रिल १९५५. काश्मीर प्रिन्सेस हे एअर इंडियाचं विमान बांडुंग परिषदेसाठी चिनी शिष्टमंडळाला घेऊन हाँगकाँगहून निघालं होतं. समुद्रावर असताना त्यात स्फोट झाला. कॅप्टन जटार यांनी जळतं विमान समुद्रावर उतरवायचा प्रयत्न केला. १९ पैकी १६ जण गेले. वाचलेल्या तिघांत मेंटेनन्स इंजिनिअर कर्णिक होते. या विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या शौर्याचा पुढे अशोक चक्राने गौरव झाला.

तपासात काय निघालं? विमान हाँगकाँगला जमिनीवर उभं असताना साफसफाईच्या कामावरच्या माणसाने चाकाच्या कप्प्याजवळ बॉम्ब ठेवला होता.

म्हणजे घात झाला तो जमिनीवर. उभ्या विमानाजवळ कोण जातंय, किल्ली कुणाकडे आहे, पहारा कुणाचा, हे प्रश्न आज हँगरच्या करारात का असतात ते इथे कळतं. आणि साध्या हल विम्यात युद्ध आणि घातपात धरलेला नसतो. त्यासाठी वेगळं संरक्षण विकत घ्यावं लागतं.

कामगार घरातून निघाला की जबाबदारी सुरू

जबाबदारीचा हा विचार जेआरडींनी विमानापुरता ठेवला नाही.

जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात अपघात भरपाईची योजना १९२० मध्येच आली होती, देशात कायदा व्हायच्या आधी. जेआरडींच्या काळात टाटा स्टीलने आणखी पुढचं पाऊल टाकलं. कामगार कामासाठी घरातून निघाला की तो कामावर आहे असं धरायचं, ते तो घरी परत पोचेपर्यंत. वाटेत काही झालं तर आर्थिक जबाबदारी कंपनीची.

बहुतेक कंपन्या गेटच्या आत काय झालं एवढंच बघतात. इथे गेटच पार कामगाराच्या दारापर्यंत नेलं होतं.

कंपनी गेली, खुर्चीही गेली

१९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. जेआरडींना ते पटलं नव्हतं. तरी एअर इंडिया इंटरनॅशनलचं अध्यक्षपद त्यांनी स्वीकारलं आणि पंचवीस वर्षं सांभाळलं. विमानातले पडदे, चहाचा रंग, खुर्चीची गादी, सगळ्यावर त्यांचं लक्ष असायचं. प्रवास करताना चुका टिपायच्या आणि उतरल्यावर लांबलचक टिपण पाठवायचं, ही त्यांची सवय.

१९७३ मध्ये दोराबजींची न्यू इंडिया अश्युरन्ससुद्धा सरकारी झाली.

१ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं एम्परर अशोक हे जम्बो विमान मुंबईहून उडाल्यावर काही क्षणांत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून काढलं. पंचवीस वर्षांच्या कामाचा निरोप त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळला.

त्यावर त्यांनी कुठे तमाशा केला नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ ला, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून, ७८ वर्षांचे जेआरडी लेपर्ड मॉथ नावाच्या जुन्या छोट्या विमानात एकटे बसले आणि कराचीहून मुंबईला उडत आले. उतरले तेही जुहूलाच.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत ते विसावले आहेत.

२७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. न्यू इंडिया अश्युरन्स मात्र आजही सरकारीच आहे.

आणि १२ जून २०२५ ला अहमदाबादेत एअर इंडियाचं विमान कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. प्रवाशांच्या भरपाईसाठी माँट्रियल करार आहे, भारताने तो २००९ मध्ये स्वीकारला. पण हॉस्टेलमध्ये जेवायला बसलेल्या पोराने कुठलंही तिकीट काढलेलं नव्हतं. त्याच्यासाठी असतो तो थर्ड पार्टी विमा.

मग सूर्यमाळचं काय?

इथे विमान काही लगेच येणार नाही. पण ड्रोन आलेत. लग्नाच्या शूटिंगचे, फवारणीचे, धबधब्याचे रील काढणारे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन सोडला तर बाकीच्यांना थर्ड पार्टी विमा लागतो. त्यामुळे उद्या गावातल्या पोराने चार ड्रोन घेऊन धंदा सुरू केला आणि ते ठेवायला शेड भाड्याने घेतली, तर त्याच्यापुढे तोच प्रश्न असेल. वादळ आलं तर कुणाचं काय?

भाडेकरार करताना ते आधीच लिहून घ्यायचं. शेड कुणाच्या विम्यात, आतली वस्तू कुणाच्या विम्यात, शेजारी आणि कामगार कुणाच्या विम्यात.

जेआरडींनी १९३२ मध्ये जो करार केला त्यात तोटा कुणाचा हे स्पष्ट होतं, तो त्यांचाच होता. तो मान्य करूनच त्यांनी झावळ्यांच्या शेडमधून पहिलं विमान बाहेर काढलं.